विस्मरणाचे राजकारण आणि कादंबरीची स्मृती : केनियाच्या संदर्भात

१

न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांचे नाव मराठी अभ्यासकाला परिचित असते ते मुख्यतः त्यांच्या एका निर्णयामुळे. इंग्रजी कादंबरीकार म्हणून प्रतिष्ठा मिळाल्यानंतर त्यांनी इंग्रजीतून कथात्म लेखन करणे सोडले आणि ते गिकुयू या आपल्या मातृभाषेकडे वळले. या निर्णयाची तात्त्विक बाजू त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'डीकॉलनायझिंग द माइंड' या ग्रंथात मांडली. भाषा आणि संस्कृती यांचा अनुबंध सांगताना, विशेषतः देशीवादाच्या चर्चेत, हे उदाहरण सहज हाताशी येते. ते येऊ नये असे नाही. परंतु ते ज्या रीतीने येते, त्या रीतीत केनिया नावाच्या देशाचा इतिहास केवळ पार्श्वभूमी होऊन मागे सरकतो आणि लेखकाचा भाषानिर्णय हा एक नैतिक दृष्टान्त बनतो. दृष्टान्ताला इतिहासाची गरज भासत नाही. वाङ्मयकृतीला मात्र ती असते.

केनियाच्या संदर्भात भाषेचा प्रश्न हा मुळात स्मृतीचा प्रश्न होता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्थेने आपली अधिमान्यता एका विशिष्ट विस्मरणावर उभी केली. न्गुगींच्या लेखनाने त्या विस्मरणाला आव्हान दिले. पण हे लेखन जसजसे ग्रामीण श्रोत्याच्या जवळ गेले, तसतशी त्यातील स्मृती अधिक प्रभावी आणि त्याच वेळी अधिक सरळ, एकरेषीय होत गेली. लाभ आणि हानी यांचा हा जोडव्यवहार लक्षात घेतल्याखेरीज या लेखकाचे मूल्यमापन अपुरे राहते, आणि मातृभाषेतील साहित्य म्हणजे लोकांचे साहित्य हे समीकरण तपासले जात नाही.

२

वसाहतकाळात केनियातील उंच पठारी प्रदेशातली सुपीक जमीन गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवण्यात आली होती. 'व्हाइट हायलँड्स' हे तिचे रूढ नाव. या प्रदेशालगतच्या गिकुयू शेतकऱ्यांपैकी अनेकजण भूमिहीन झाले, तर अनेकांना गोऱ्यांच्या मळ्यांवर श्रमाच्या मोबदल्यात राहावे लागले. माउ माउ उठावाची मुळे या भूमिप्रश्नात आहेत. २० ऑक्टोबर १९५२ रोजी वसाहत सरकारने आणीबाणी जाहीर केली. ती जानेवारी १९६०पर्यंत टिकली. या काळात उठावाशी संबंधित आरोपांवरून १,०९० जणांना फाशी देण्यात आली. हजारो लोक स्थानबद्धतेच्या छावण्यांत गेले. विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना कुंपण घातलेल्या, पहाऱ्यातल्या नव्या गावांत कोंबण्यात आले. ३ मार्च १९५९ रोजी होला येथील छावणीत ११ बंदी पहारेकऱ्यांच्या मारहाणीत मरण पावले. जंगलातील लढ्याचा नेता डेदान किमाथी याला १८ फेब्रुवारी १९५७ रोजी फासावर चढवण्यात आले होते.

या संघर्षाला आणखी एक बाजू होती. उठावात ३२ गोरे मळेवाले मारले गेले; माउ माउच्या हातून मेलेल्या आफ्रिकी नागरिकांची संख्या सुमारे १,८०० होती. सरकारने गिकुयूंमधूनच होमगार्ड उभे केले होते, आणि एकाच घरातला एक भाऊ जंगलात तर दुसरा होमगार्डात अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. म्हणजे वसाहतविरोधी लढ्याच्या पोटात एक यादवी युद्ध चालू होते. त्याचे आर्थिक फलितही ठरून गेले. १९५४च्या स्विनर्टन योजनेनुसार गिकुयू भागात जमिनींचे एकत्रीकरण आणि खासगी मालकीची नोंद सुरू झाली. ती झाली तेव्हा कित्येक मूळ हक्कदार छावण्यांत होते आणि नोंदी करून घेणाऱ्यांत सरकारनिष्ठांचा भरणा होता.

१२ डिसेंबर १९६३ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा जोमो केन्याटा यांच्यापुढे हा वारसा होता. माउ माउचे सूत्रधार म्हणून १९५३ साली त्यांना शिक्षा झाली होती. प्रत्यक्षात ते जंगलातील लढ्याचे नेते नव्हते. त्यांनी 'क्षमा करा आणि विसरा' हे धोरण स्वीकारले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे 'सफरिंग विदाउट बिटरनेस' हे नावच या धोरणाचे सार सांगते. स्वातंत्र्यासाठी सर्वच लढले, हे सूत्र वरकरणी समावेशक होते. पण सर्वच लढले असतील तर कोणाचेच विशेष देणे लागत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. गोऱ्यांच्या जमिनी परत मिळाल्या नाहीत, त्या कर्ज काढून विकत घ्याव्या लागल्या. आणि ज्यांच्याकडे पत, पद व ओळख होती त्यांना त्या अधिक सुलभतेने मिळाल्या. ओगिंगा ओडिंगा यांच्या १९६७ सालच्या आत्मचरित्राचे 'नॉट येट उहुरू' हे शीर्षक, म्हणजे स्वातंत्र्य अद्याप आलेले नाही हे विधान, या वास्तवाचेच होते.

या विस्मरणाला कायद्याचे आणि दिनदर्शिकेचे पाठबळ होते. माउ माउवरील वसाहतकालीन बंदी स्वतंत्र केनियात थेट २००३पर्यंत कायम राहिली. नैरोबीत किमाथीचा पुतळा उभा राहिला तो २००७ साली. २० ऑक्टोबर हा दिवस 'केन्याटा दिन' म्हणून, एका नेत्याच्या अटकेचे स्मरण म्हणून पाळला जाई. २०१०च्या राज्यघटनेने त्याला 'माशुजा दिन', म्हणजे वीरांचा दिन, असे नाव दिले. आणि ज्यांनी भूमीचा प्रश्न विचारला त्यांची वाट अवघड होती. पियो गामा पिंटो यांची १९६५मध्ये आणि जे. एम. कारिउकी यांची १९७५मध्ये हत्या झाली. कारिउकी स्वतः छावणीत राहिलेले होते आणि त्या अनुभवाचे पुस्तक त्यांनी १९६३ साली लिहिले होते, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे.

३

'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) ही न्गुगींची तिसरी प्रसिद्ध कादंबरी या विस्मरणाच्या अगदी आरंभी लिहिली गेली. तिचा वर्तमानकाळ स्वातंत्र्यदिनापूर्वीच्या काही दिवसांचा आहे. थाबाई गावातील लोक उत्सवाची तयारी करीत आहेत आणि मुगो या एकाकी, अबोल माणसाने प्रमुख वक्ता व्हावे असा आग्रह धरीत आहेत. छावणीतील छळातही तो बोलला नाही, म्हणून गावाच्या लेखी तो वीर आहे. वस्तुतः फाशी गेलेल्या किहिका या क्रांतिकारकाला पकडून देणारा मुगोच आहे.

कादंबरीची रचना या विसंगतीतून घडते. निवेदन एकाकडून दुसऱ्याकडे, वर्तमानातून भूतकाळात सतत सरकते, आणि प्रत्येक पात्राजवळ कबुली देण्यासारखे काहीतरी असल्याचे हळूहळू उघड होते. गिकोन्यो हा सुतार घरी परतण्याच्या ओढीने छावणीत शपथेची कबुली देतो. परतल्यावर त्याला पत्नी मुंबी होमगार्ड झालेल्या करांजाच्या मुलाची आई झालेली दिसते. करांजाने सत्तेची बाजू घेतली ती विचाराने नव्हे, भीतीने आणि मुंबीच्या अभिलाषेने. निखळ वीर असा येथे किहिका एकटाच, आणि तो मृत आहे. जिवंत राहिलेल्या प्रत्येकाने जगण्याची काही ना काही किंमत दिलेली आहे.

मौन हे या कादंबरीचे मुख्य आशयसूत्र आहे. राज्यसंस्था विसरायला सांगते, पण गावही आपल्या सोयीपुरते विसरत असते. मुगोचे मौन हे धैर्य म्हणून वाचले जाते, कारण गावाला वीर हवा आहे. अखेरीस उत्सवाच्या सभेत मुगो स्वतःचा द्रोह सांगतो तेव्हा उत्सव विरून जातो, मात्र त्या विरण्यातूनच गिकोन्यो आणि मुंबी यांना एकमेकांशी बोलण्याची शक्यता निर्माण होते. त्याच कादंबरीत गिकोन्यो व त्याचे सोबती मिळून एका गोऱ्याचा मळा विकत घेऊ पाहतात आणि ज्या लोकप्रतिनिधीकडे ते कर्जासाठी खेटे घालतात, तोच तो मळा परस्पर आपल्या घशात घालतो. स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवसांत केन्याटाकालीन अर्थव्यवस्थेचे चित्र येथे उभे राहिले आहे. व्यक्तीच्या द्रोहाची कबुली सभेत दिली जाते. लोकप्रतिनिधीच्या द्रोहाची कबुली कोणीही देत नाही. या दोन द्रोहांतील तफावतीवर कादंबरीचा नैतिक ताण तोललेला आहे.

ही कादंबरी इंग्रजीत आहे. जिच्या अनुभवाची ती कथा आहे त्या थाबाईसारख्या गावातील बहुसंख्यांना ती वाचता येणे शक्य नव्हते. न्गुगींच्या पुढील प्रवासाचे बीज या विसंगतीत आहे.

४

लिमुरूजवळचे कामिरिथू हे गाव आणीबाणीच्या काळात लोकांना सक्तीने एकत्र आणून वसवलेल्या गावांपैकी एक. १९७६ साली तेथील सामुदायिक केंद्रात प्रौढ साक्षरतेचे काम सुरू झाले आणि त्यातून नाटकाची कल्पना पुढे आली. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी सिद्ध केलेली 'न्गाहिका न्देएंदा' ('मनाला येईल तेव्हा लग्न करीन') ही संहिता गावकऱ्यांपुढे चर्चेला ठेवली गेली. मळ्यांतील आणि कारखान्यांतील मजुरांनी, पूर्वी लढ्यात असलेल्या वृद्धांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या, गाणी पुरवली, तालमी उघड्यावर झाल्या आणि सुमारे दोन हजार प्रेक्षकांची सोय असलेले खुले नाट्यगृह लोकांनी स्वतः बांधले. नाटकाचा विषय साधा आहे. किगुंदा या शेतमजुराजवळ दीड एकर जमीन आणि तिचा दस्तऐवज आहे. पूर्वी गोऱ्यांची बाजू घेतलेल्या किओई या धनिकाच्या नादाने तो चर्चमध्ये विधिपूर्वक लग्न करण्यासाठी जमीन गहाण टाकतो आणि ती गमावतो.

ऑक्टोबर १९७७मध्ये प्रयोग सुरू झाले. १६ नोव्हेंबरला परवाना रद्द झाला. वर्ष संपता संपता न्गुगींना अटक झाली आणि खटल्याविना त्यांना सुमारे वर्षभर कामिटी तुरुंगात ठेवले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील राज्यकर्त्या वर्गावरील टीका नाटकापेक्षा सौम्य नाही. तरीही तिच्या प्रकाशनसमारंभास तत्कालीन अर्थमंत्री म्वाई किबाकी उपस्थित होते. या दोन घटनांच्या तुलनेतून एक निष्कर्ष निघतो. सत्तेला आक्षेप होता तो आशयावर नव्हता आणि केवळ भाषेवरही नव्हता. गिकुयूत लिहिणारे न्गुगी पहिले नव्हेत. गाकारा वा वांजाऊ यांच्यासारखे लेखक त्यांच्या कितीतरी आधी गिकुयूत लिहीत होते. आपल्या स्थानबद्धतेच्या दैनंदिनीसाठी त्यांना १९८४ सालचा नोमा पुरस्कार मिळाला. कामिरिथूत नवे होते ते हे की, ज्यांना विसरण्यास सांगितले होते तेच लोक एकत्र जमून, आपल्या शरीराने आणि आवाजाने, आठवण करीत होते. स्मृती ही तेथे वाचनाची वस्तू न राहता सामूहिक कृती झाली होती. १९८२ साली 'मैतू न्जुगिरा' या पुढील नाटकाच्या तालमी थांबवल्या गेल्या आणि कामिरिथूचे नाट्यगृह जमीनदोस्त करण्यात आले. पुस्तकावर बंदी घालता येते, पण अशा कृतीसाठी जागाच पाडावी लागते.

५

येथपर्यंतची कथा गौरवाची आहे आणि ती तशी सांगितलीही जाते. वाङ्मयीन समीक्षेची जबाबदारी मात्र येथून सुरू होते.

मिसेरे मुगो यांच्यासह लिहिलेल्या 'द ट्रायल ऑफ डेदान किमाथी' (१९७६) या नाटकातील किमाथी प्रलोभने नाकारत जाणारा, निष्कलंक नायक आहे. राज्यसंस्थेने ज्याचे नाव दडपले त्याला रंगमंचावर उभे करण्याची निकड समजण्यासारखी आहे. पण 'अ ग्रेन ऑफ व्हीट'ने जी गोष्ट दाखवली होती, ती म्हणजे वीराची गरजच समाजाला आंधळी करते, ती या नाटकात हरवते. किओई आणि किगुंदा यांच्यात कोणी मुगो किंवा गिकोन्यो नाही. शोषक आणि शोषित यांच्यामध्ये जो विस्तीर्ण, अस्पष्ट प्रदेश असतो, ज्यात बहुतेक माणसे जगतात, तो येथे आकसला आहे.

याचा अधिक बोलका पुरावा स्वतः लेखकानेच दिला आहे. १९८०च्या दशकात 'अ ग्रेन ऑफ व्हीट'ची सुधारित आवृत्ती काढताना न्गुगींनी काही बदल केले. मूळ आवृत्तीत लढ्यातील कोइनांदू हा डॉ. लिंड या गोऱ्या स्त्रीवर बलात्कार करतो. सुधारित आवृत्तीतून तो बलात्कार वगळला आहे. लढ्याची विटंबना होऊ नये, हा हेतू उघड आहे. परंतु जी कादंबरी कबुलीच्या मूल्यावर उभी आहे, तिच्यातूनच एक कबुली मागे घेतली गेली. राज्यसंस्थेच्या विस्मरणाला विरोध करणारी स्मृती येथे स्वतःच निवड करू लागते. हे विस्मरण सत्तेचे नाही, चळवळीचे आहे. पण ते विस्मरणच आहे.

अर्थात या प्रवासात केवळ हानी नाही. 'कैताणी मुथाराबाइनी' (१९८०) ही तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिलेली कादंबरी आणि 'मातिगारी' (१९८६) यांनी मौखिक कथनाचे घाट कादंबरीत आणले. शस्त्र पुरून जंगलातून बाहेर पडलेला आणि सत्य व न्याय कोठे सापडतील असे प्रत्येकाला विचारत फिरणारा मातिगारी लोककथेच्या तर्काने वावरतो. केनियात या नावाचा कोणी माणूस हिंडतो आहे अशा बातम्यांवरून त्याच्या अटकेचे आदेश निघाले होते आणि तो कादंबरीतील पात्र आहे हे कळल्यावर १९८७ साली पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या, असे न्गुगींनी नमूद केले आहे. मोई यांच्या राजवटीचे घोषवाक्य 'न्यायो', म्हणजे पाऊलखुणा, हे होते. केन्याटा यांच्या मागून चालण्याची ती ग्वाही होती. मातिगारी वेगळ्या पाऊलखुणा शोधतो. उपरोधाची ही ताकद मान्य करूनही म्हणावे लागते की, मातिगारीला आठवण्यासारखे काही खुपत नाही. तो प्रश्न विचारतो, त्याला प्रश्न पडत नाहीत.

६

स्मृतीच्या या सरळीकरणाला साहित्याबाहेरचाही एक अर्थ आहे. गिकुयू ही केनियातील अनेक भाषांपैकी एक आहे. केन्याटा यांच्या काळात सत्तेच्या वर्तुळाची भाषाही तीच होती. १९६९मध्ये टॉम म्बोया यांच्या हत्येनंतर गिकुयूंमध्ये सत्ता आपल्या समाजातच राखण्याच्या सामूहिक शपथा घेतल्या गेल्या. माउ माउच्या शपथेचे रूप तेच होते, हेतू उलटा होता. म्हणजे ज्या सांस्कृतिक रूपांतून कामिरिथूचे नाटक बळ घेत होते, ती रूपे अभिजनांच्या हातीही तितकीच उपयोगी होती.

भूमीच्या बाबतीतही तसेच. रिफ्ट व्हॅलीतील गोऱ्यांनी सोडलेल्या जमिनींवर स्वातंत्र्यानंतर अनेक गिकुयू कुटुंबे वसली. त्यांतील कित्येक गरीब होती. पण त्या जमिनी आपल्याकडून हिरावल्या गेल्या अशी मासाई आणि कालेंजिन समाजांची स्मृती होती. २००७च्या अखेरच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, त्यात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, आणि १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळच्या किआंबा येथे चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या गिकुयू स्त्रिया व मुलांना जाळण्यात आले. या हिंसाचारात निरनिराळ्या स्थानिक भाषांतील रेडिओ केंद्रांनी द्वेष भडकवल्याचे चौकशीत पुढे आले. मातृभाषा ही येथेही लोकांच्या जवळ होती. प्रश्न तिच्यातून कोणाची स्मृती बोलते आणि कोणाची गप्प बसवली जाते, हा होता.

या दृष्टीने पियो गामा पिंटो यांचे उदाहरण मराठी-कोकणी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. १९२७ साली नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले, गोवामुक्तीच्या चळवळीत सहभागी झालेले पिंटो १९४९मध्ये केनियात परतले, माउ माउला मदत केल्याबद्दल स्थानबद्धतेत गेले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराबाहेर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या आधी १९५०मध्ये केनियाला संपूर्ण स्वातंत्र्य हवे अशी जाहीर मागणी करणारे कामगारनेते माखन सिंग अकरा वर्षे स्थानबद्धतेत होते. या दोघांची स्मृती गिकुयू भूमिस्मृतीत सहज मावत नाही आणि राज्यसंस्थेच्या अधिकृत स्मृतीतही ती दीर्घकाळ मावली नाही. केनियाच्या लढ्याला एकाहून अधिक भाषा होत्या, याची ही साक्ष आहे.

७

इव्हॉन अधिआंबो ओवुओर यांची 'डस्ट' (२०१४) ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. २००७च्या निवडणुकीच्या दिवसांतील एका तरुणाच्या हत्येपासून सुरू होणारी ही कथा म्बोयांच्या हत्येपर्यंत आणि तेथून आणीबाणीपर्यंत मागे जाते. मृत तरुणाच्या पित्याने वसाहतकालीन सत्तेची चाकरी करताना काय केले, हे तिच्या गाभ्याशी आहे. ती इंग्रजीत आहे, आणि तरीही मुगोच्या कबुलीची ती अधिक जवळची वारसदार ठरते.

यावरून इंग्रजी श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. न्गुगींचा निर्णय वाङ्मयाला त्याच्या खऱ्या श्रोत्यापर्यंत नेणारा होता. कामिरिथूत जे घडले ते इंग्रजीतून घडूच शकले नसते. त्या निर्णयाने एक काम मात्र शिल्लक ठेवले. आपल्या लोकांपुढे त्यांच्याच भाषेत त्यांच्यावरील अन्याय सांगणे कठीण असते, पण त्यांच्याच भाषेत त्यांचा द्रोह सांगणे त्याहून कठीण. थाबाईच्या सभेत मुगो जे बोलला ते गिकुयूत बोलला असणार. ते लिहिले गेले इंग्रजीत. ते कामिरिथूच्या रंगमंचावर बोलले गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न केनियाच्या साहित्यापुरता नाही. मातृभाषेतील साहित्याची प्रतिष्ठा सांगणाऱ्या कोणत्याही समीक्षेने तो आपल्या भाषेलाही विचारावयास हवा.